मूळ कागदपत्रं

लातूर, ९ नोव्हेंबर २०२५

ताहेर,

दसऱ्यानंतरच्या रविवारी सकाळी मैदानावर फक्की मी आखली होती. तुला वाटलं असेल, पोरांपैकी कुणीतरी आखली. पाचला उठलो, लिंगपूजा केली, विभूती लावली, फक्कीची पिशवी सायकलच्या कॅरिअरला बांधली आणि तुम्ही कुणी यायच्या आत मैदानावर पोचलो. आपल्या गोदाकाठ लीगचा विसावा हंगाम त्या दुपारी सुरू व्हायचा होता. मधली रेष, मधलं वर्तुळ, दोन्ही पेनल्टी बॉक्स. नदीकडच्या बॉक्सला जमीन उतरती आहे, तिथे दोरी नेहमी फसवते, म्हणून ती बाजू पुसून पुन्हा काढली. एकोणीस वर्षं मी ज्या मैदानावर पंच होतो तिथे आज शिट्टी फुंकणार नाही, हे मला माहीत होतं, तुला नव्हतं. काम झाल्यावर हात धुतले आणि सव्वाआठच्या बसने लातूरला निघून आलो.

उज्वला मागून सामान घेऊन आली तेव्हा तिच्याकडून पुढचं कळलं. पंच आला नाही म्हणून तू स्वतःच शिट्टी घेऊन उभा राहिलास आणि अर्ध्या तासात पायात गोळा आला. मला हसू आलं आणि मग आलं नाही.

एव्हाना तुला सगळं कळलंच आहे. इथे लातूरला साहेबरावांनी नवी लीग काढली आहे. मांजरा प्रो फुटबॉल लीग. सहा संघ, खेळाडूंना महिन्याचा पगार, विमा. मी तिचा सचिव. साहेबराव म्हणजे ज्यांच्या कोचिंग क्लासच्या पाट्या लातूरच्या प्रत्येक चौकात आहेत, तेच. मूळचे मुरुडचे. लहानपणी ते अनवाणी फुटबॉल खेळायचे, हे मात्र पाटीवर लिहिलेलं नाही. माझी शाळा बंद पडली तेव्हा त्यांनी बोलावून काम दिलं.

तुला फोन करतो तर एकदा वाजून बंद होतो. उज्वला म्हणाली, "ब्लॉक केलंय तुम्हाला. असं एकदाच वाजलं की ब्लॉक असतंय." म्हणून पत्र. आपल्याला पत्राची सवय नाही, पण फोनवर तू मला मधेच तोडतोस. इथे तोडता येणार नाही.

मला एवढंच म्हणायचं आहे की अजहरचा गुडघा गेला त्या दिवशीच मी हे बोललो होतो. आपला सगळ्यात चांगला गोलकीपर आज ज्यूसच्या गाड्यावर बसून मोसंब्या सोलतो. खेळाडूला पगार हवा, दवाखान्याची सोय हवी. समितीच्या बैठकीत तू सगळ्यांसमोर म्हणालास, "गुरुजी, पैसा आया तो खेल नौकरी हो जाता. और नौकरीवाला शनिवारकू थकता." सगळे हसले. वाक्य चांगलं होतं. उत्तर नव्हतं.

आता तुझ्या समितीने फर्मान काढलं आहे की जो मांजरा लीगमध्ये खेळेल त्याला गोदाकाठमध्ये दोन वर्षं बंदी, आणि ३१ डिसेंबरपर्यंत परत येईल त्याला माफी. ठीक आहे. नांदेडची तेवीस पोरं माझ्याकडे आली आहेत. मी कुणाला ओढलेलं नाही. तुझा भाचा अबुजरही आहे. त्याच्या आईने, लुबनाआपांनी, स्वतः फॉर्मवर सही केली.

भेटल्यावर मी "शरणार्थ" म्हणालो की तू "वालेकुम शरणार्थ" म्हणायचास आणि दुकानातले कारागीर हसायचे. इथे कुणी तसं म्हणत नाही.

शरणार्थ.
मन्मथ


लातूर, २० नोव्हेंबर

ताहेर,

गौसियाभाभींचा उज्वलाला फोन आला होता. "खत आया तुम्हारे गुरुजी का. पढते नहीं, फेंकते भी नहीं. दुकान में गादी के नीचे डाल दिए." तुझ्या दुकानात चाळीस गाद्या असतात, कुठल्या गादीखाली ते उज्वलाने विचारलं नाही. फेकत नाहीस, एवढं मला पुष्कळ आहे. तेव्हा लिहितो.

मागच्या पत्रात एक गोष्ट टाळली. त्या सकाळी फक्की आखून झाल्यावर मी मैदानाच्या खोलीत गेलो होतो. तिथून खेळाडूंचं रजिस्टर घेतलं. सगळी नावं, मोहल्ले, फोन, कोण कुठल्या जागी खेळतो, कुणाचं वय काय. एकोणीस वर्षांचं माझं अक्षर, म्हणून ते माझंच, असं मी बसमध्ये स्वतःला सांगत होतो. लोहा येईपर्यंत पटलंही होतं. त्या रजिस्टरवरूनच मी तेवीस घरी फोन केले. ओढलेलं नाही असं लिहिलं, ते खोटं. रजिस्टर काल रजिस्टर पोस्टाने तुझ्या दुकानाच्या पत्त्यावर पाठवलं आहे. ते तरी गादीखाली टाकू नकोस, वाळवी लागेल.

इकडची गंमत सांगतो. साहेबरावांनी खेळाडूंची निवड चाचणी घेतली ती लेखी. खरंच. क्लासच्या हॉलमध्ये, हातभर अंतर ठेवून बसवलं. पन्नास प्रश्न, चार पर्याय, गोल काळे करायचे, चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा. "ऑफसाइड केव्हा धरला जात नाही?" असले प्रश्न. मैदानावर ज्याला अख्ख्या नांदेडात कुणी धरू शकत नाही त्या अबुजरला पन्नासपैकी सहा गुण पडले. मी म्हटलं, "अरे, निदान ऑफसाइड तरी यायला पाहिजे होता." तर म्हणतो, "गुरुजी, ऑफसाइड पाँव को मालूम है, पेन को नहीं." साहेबराव हसले नाहीत. "पाया कच्चा हाय," म्हणाले, "पण घेऊ. मेहनती वाटतो." नंतर मैदानावर त्याचा खेळ पाहिला, तेव्हा मात्र अंधार पडेपर्यंत रेषेवरून हलले नाहीत. दुसऱ्याच दिवशी चौकातल्या पोस्टरवर मधोमध अबुजरचा फोटो लागला.

करार झाले. खेळाडूंची मूळ कागदपत्रं जमा करून घेतली. दहावी-बारावीची प्रमाणपत्रं, टीसी, खेळाची सर्टिफिकेटं. हंगाम संपला की परत. साहेबरावांचा तसा नियम आहे. इथे क्लासवाले, कॉलेजवाले असंच करतात, मुलगा मधेच दुसरीकडे जाऊ नये म्हणून. ऑफिसातल्या लोखंडी कपाटात प्रत्येकाची एक फाइल आहे. दोन किल्ल्या, एक त्यांच्याकडे, एक माझ्याकडे.

१४ डिसेंबरला सुरुवात ठरली होती. ती आता ११ जानेवारीवर गेली, मैदानावर टाकायचं कृत्रिम गवत आलेलं नाही. पोरं विचारतात. मी सांगतो, होईल.

मन्मथ


लातूर, ४ डिसेंबर

ताहेर,

अबुजर काल लातूरला येऊन गेला. तुला कदाचित माहीत असेल, कदाचित त्याने भीतीने सांगितलं नसेल. सिकंदराबादला खेळाडूंच्या कोट्यातून जी नोकरी निघाली होती तिच्या मैदानी चाचणीत तो पास झाला आहे. आता १९ डिसेंबरला कागदपत्रांची तपासणी. पत्रात ठळक अक्षरात छापलं आहे की मूळ प्रती सोबत आणणे, अन्यथा उमेदवारी रद्द. पोरगं ते पत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून शर्टाच्या आत ठेवून घेऊन आलं होतं.

मी त्याला घेऊन साहेबरावांच्या केबिनमध्ये गेलो. ते उठून उभे राहिले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला, चहा मागवला. मग पत्र वाचलं.

"अभिनंदन," म्हणाले. "पण नोकरी लागली की तू खेळणार कसा आमच्याकडं?"

"छुट्टी लेके आऊंगा सर."

"नव्या नोकरीत सुट्टी? कोण देतंय?" मग माझ्याकडे वळले. "गुरुजी, झेरॉक्स द्या त्याला. अटेस्टेड करून."

"झेरॉक्स चालत न्हाई साहेब. मूळ प्रती लिहिलंय."

"मग मी काय करू? ह्याची फाइल दिली की उद्या बावीस जण रांगेत उभे राहत्यात. ३१ तारखेच्या आत समदे नांदेडला परत. माझ्या पोस्टरवर कोण राहील, तुम्ही?"

अबुजर खाली बघत होता. मी म्हटलं, "दोन दिवसांसाठी द्या. मी स्वतः परत आणतो."

साहेबराव माझ्याजवळ आले. मग हळूच म्हणाले, पोराला ऐकू जाऊ नये इतकं हळू, "गुरुजी, हा नियम कुणी काढला, जरा आठवा की."

मी पत्र पुन्हा पिशवीत घालून पोराच्या हातात दिलं. अबुजरला बसस्टँडवर सोडलं. "होईल काहीतरी," म्हणालो. त्याने मान हलवली. मला तो गुरुजी म्हणतो. त्याला पहिली शिट्टी मीच ऐकवली, सात वर्षांचा असताना, उघड्या पायांनी मैदानात घुसला होता तेव्हा.

आज पूजेला बसलो तर लिंग तळहातावर होतं आणि लक्ष खुंटीवरच्या पँटकडे. खिशात कपाटाची किल्ली आहे.

मन्मथ


रेणापूर, १० डिसेंबर

ताहेर,

दोन दिवस गावी आलो आहे. रेणुकाईच्या देवळाच्या पायरीवर बसून हे लिहितो. लातूरला लिहायला जमलं नाही.

साहेबराव म्हणाले ते खरं आहे. नियम माझा.

सप्टेंबरमध्ये, मी अजून तुझ्याच लीगमध्ये असताना, त्यांच्या केबिनमध्ये ठराव लिहायला बसलो होतो. ते म्हणाले, "करार केला की झालं ना?" मी म्हणालो, "न्हाई साहेब. तुम्हाला नांदेडची पोरं माहीत न्हाईत. कागदावरची सही त्यांना समजत न्हाई. ताहेरने एक फोन केला, 'आ जा' म्हणाला, की सगळी रात्रीतून परत जातील. मूळ कागद ठेवून घ्या." साहेबरावांना हे क्लासमध्ये रोजचं, तरी तेच म्हणाले, "खेळाडूंचे पण ठेवायचे? बरं दिसतंय का?" मी म्हणालो, "ठेवा." ठराव माझ्या अक्षरात आहे, कलम सात.

आणि हे मी केलं. माझे स्वतःचे कागद पहिल्या संस्थेच्या कपाटात अकरा वर्षं होते. जिल्हा परिषदेची नोकरी मला त्याच्यामुळे गेली. मुलाखतीच्या आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत मी अध्यक्षांच्या ओसरीवर बसलो होतो आणि ते आतून "साहेब झोपलेत" असा निरोप पाठवत होते. हे मी घरच्यांनंतर फक्त तुला सांगितलं आहे. तू तेव्हा गादी शिवत होतास. सुई थांबवलीस आणि ती गादीत तशीच टोचून ठेवलीस. ते मला आवडलं होतं.

मग हे माझ्या हातून का झालं, याचा विचार करतोय. अजहरचा गुडघा हे कारण खरं आहे, पण पूर्ण नाही. एकोणिसाव्या हंगामाच्या बक्षीस समारंभात तू स्टेजवरून सगळ्यांची नावं घेतलीस. मंडपवाला, चहावाला, ज्याने बँड दिला तो. मी खाली पंचाच्या कपड्यात उभा होतो. नाव आलं नाही. तू विसरलास, मुद्दाम केलं नाहीस, हे मला तेव्हाही कळत होतं. घरच्या माणसाचं नाव कोण घेतो. पण मी पन्नाशीला आलेला माणूस आणि ते सहा महिने मनातून गेलं नाही. लिहितानाही लाज वाटते.

लीगची तारीख पुन्हा पुढे गेली. २२ फेब्रुवारी. मी म्हटलं, "साहेब, रमजान लागतोय. निम्मी पोरं रोजात असतील. दुपारी तीनला कशी पळतील?" म्हणाले, "मग लाइटमध्ये खेळवू." लाइटचे खांब अजून आलेले नाहीत. ते वाईट नाहीत, ताहेर. त्यांना खरंच वाटतं की लातूरमध्ये डॉक्टर-इंजिनिअरशिवाय दुसरं काही घडावं. परवा एकटेच मैदानात बूट काढून उभे होते, मी लांबून पाहिलं. फाइली गेल्या तर त्यांची लीग जाते. फाइली राहिल्या तर अबुजरची नोकरी जाते. मी दोघांच्या मध्ये उभा आहे असं स्वतःला सांगतो, पण खरं म्हणजे किल्ली घेऊन उभा आहे.

काल उज्वलाचा फोन होता. मी तिला म्हणालो, ताहेरला पत्र लिहून राहिलो. ती म्हणाली, "लिहा. चांगलं अक्षर हाय तुमचं. पण पत्रानं कपाट उघडतंय का?"

मी म्हटलं, "साहेबरावांचं मीठ खाल्लंय."

"आन् त्या पोराच्या मायनं काय खाल्लंय तुमचं?"

मी फोन ठेवला. अजून नऊ दिवस आहेत.

मन्मथ


लातूर, १६ डिसेंबर

ताहेर,

आज लुबनाआपा आल्या होत्या. एकट्या, एसटीने. सोबत डबा. मला वाटलं भांडायला आल्या. मी ऑफिसच्या बाहेरच्या बाकावर बसवलं, पाणी दिलं.

त्या भांडल्या नाहीत. म्हणाल्या, "गुरुजी, परसों उसको निकलना है. शाम की गाड़ी. मैं सोची, पोरगा मांगता तो तुम्हारे कू बुरा लगता होगा. मैं मांगती."

मी म्हणालो, "आपा, माझ्या हातात नाही ते." ताहेर, किल्ली माझ्या खिशात होती तेव्हा.

त्यांनी मान हलवली. त्यांना ते पटलं, त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. मग म्हणाल्या, "मेरा तो दिल नहीं था देने का. असली कागज कोई देता क्या? मैं भाईजान कू फोन करी थी सही के पहले."

मी विचारलं, "काय म्हणाला ताहेर?"

"बोले, किसके हाथ में दे रही? मैं बोली, मन्मथ गुरुजी के. बोले, फिर दे दे, पूछती क्या."

मी विचारलं, कधीची गोष्ट? ऑक्टोबरची. मी निघून आल्यानंतरची. तू मला ब्लॉक केल्यानंतरची.

"सब औरतां पूछे थे भाईजान कू," आपा म्हणाल्या. "सब कू यही बोले. गुस्से में थे, पान थूक के बोले, लेकिन यही बोले."

म्हणजे तेवीस घरांतून तुला फोन आले. तुला फक्त "नको" म्हणायचं होतं. ज्या एका फोनच्या भीतीने मी कलम सात लिहिलं तो फोन तू केलाच नाहीस, उलट पोरांचे कागद माझ्याकडे पाठवलेस.

आपांनी डबा उघडून माझ्यासमोर ठेवला. मला खाता आलं नाही. त्या म्हणाल्या, "खाव गुरुजी, शाकाहारी है. अलग भगोने में पकाई." मी खाल्लं. अंबाड्याची भाजी होती. त्यांना दुपारच्या बसमध्ये बसवून दिलं आणि म्हणालो, उद्या या वेळेपर्यंत मी नांदेडला पोचतो. "कागज लेके?" त्यांनी खिडकीतून विचारलं. बस निघाली. मी मान हलवलेली त्यांना दिसली की नाही, माहीत नाही.

मन्मथ


हिमायतनगर, १९ डिसेंबर

ताहेर,

हे पत्र पोस्टात टाकणार आहे, पण तुझ्याकडे पोचायच्या आधीच तुला सगळं कळलेलं असेल. तरी माझ्याकडून कळावं.

परवा सकाळी दहाला साहेबराव ऑफिसात आले. मी आधी कपाट उघडलं नाही. त्यांच्या समोर गेलो आणि सांगितलं, "साहेब, मी सगळ्या फाइली परत करायला नांदेडला चाललोय. तेवीसच्या तेवीस."

"अबुजरची न्या," ते म्हणाले. "मीबी विचार केला रात्री. त्याची एकट्याची न्या."

"एकट्याची न्हाई."

"गुरुजी, ३१ तारखेआधी दिल्या की एक पोरगं राहत न्हाई माझ्याकडं. तुम्हाला कळतंय ना?"

"कळतंय."

"मी पोलिसात गेलो तर?"

"जा. कलम सात माझ्या अक्षरात हाय, ते घेऊन जा. मी तिथंच सांगतो कुणी लिहिलं."

ते खुर्चीत मागे टेकले. मग जे म्हणाले ते मला पोलिसापेक्षा जड गेलं. "मी म्हणलो होतो तुम्हाला. बरं दिसतंय का म्हणून. आठवतंय?" मी म्हणालो, "आठवतंय साहेब." त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं. मी राजीनामा टेबलावर ठेवला, कपाट उघडलं आणि किल्ली राजीनाम्यावर ठेवली. शिपायाने फाइली पिशव्यांत भरायला मदत केली. जिन्यावरून उतरताना साहेबरावांचा आवाज आला, "गुरुजी, नागप्पाला गाडी काढायला सांगतो, स्टँडवर सोडील. दोन पिशव्या हायेत." त्या माणसाशी मी वाईट वागलो, हे मला मान्य आहे. दुसरा मार्ग सापडला नाही. सापडेल म्हणून मी दोन आठवडे वाट पाहिली, तीही चूकच होती.

अबुजरची फाइल पहिली दिली, दुपारी साडेतीनला. आपांनी कागद एकेक करून चटईवर मांडले आणि पोराला मोजायला लावले. मी तिथेच सांगितलं, "आपा, काल मी म्हणालो माझ्या हातात नाही. खोटं बोललो. कागद ठेवून घ्यायचा नियम माझाच होता." अबुजर माझ्याकडे बघत राहिला. आपांनी आत जाऊन पाणी आणलं. पाणी दिलं, पण बसा म्हणाल्या नाहीत. काल संध्याकाळच्या गाडीने तो गेला. आज सकाळी त्याचा तीन शब्दांचा निरोप आला, "जमा हो गए."

मग परवाची संध्याकाळ आणि कालचा दिवस दारोदार. देगलूर नाका, इतवारा, पलीकडे नदीपर्यंत. प्रत्येक दारात तेच वाक्य. एका आजीने कपाळाला हात लावला. एका बापाने फाइल हिसकावून घेतली आणि दार लावलं. एका पोराने विचारलं, "गुरुजी, मतलब लीग नहीं होती अब?" मी म्हटलं, मला माहीत नाही. "पगार तो अच्छा बोले थे," तो म्हणाला. अजहरच्या गुडघ्याचा प्रश्न तसाच राहिला आहे, ताहेर. मी तो चुकीच्या हातांनी उचलला, पण प्रश्न चूक नव्हता. तो आता तुझ्या समितीसमोर आहे. हसून टाळू नकोस.

तुझ्या दुकानावरून दोनदा गेलो. दुसऱ्या वेळी तू पाठमोरा बसून गादीचा काठ शिवत होतास. मी थांबलो नाही. हातात अजून चार घरांच्या फाइली होत्या आणि तुझ्याकडे रिकाम्या हातांनी यायचं असं मी ठरवलं होतं. मला परत लीगमध्ये घे असं म्हणणार नाही. एकच मागतो. बंदी पोरांवर घालू नकोस. सगळे ३१ च्या आत परत आलेत. दोन वर्षं कुणाला द्यायचीच असतील तर मला दे, आणि समितीच्या कागदावर कारण नीट लिही.

शेवटची फाइल हिमायतनगरच्या दयानंदची होती, तुझा उजव्या बगलेवरचा पळणारा. आज सकाळी त्याच्यासाठी इथे आलो. पोरगा हळदीला पाणी द्यायला मळ्यात गेला होता. बाप आप्पासाहेब बाजेवर बसले होते, मला ओळखत नव्हते.

"एवढ्या लांब एका कागदासाठी आलाव?"

"व्हय."

"पोस्टानं धाडायचा की."

"सांगायचं होतं काही. हा ठेवून घ्यायचा नियम मीच केला होता. तुमचा मुलगा सोडून जाईल म्हणून."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "गेला असता काय?"

"न्हाई."

"मग?"

मी फाइल पुढे केली. त्यांनी ती उघडली, दहावीचा कागद उजेडात धरून मुलाचं नाव वाचलं, बोटाने, एकेक अक्षर. मग घरात हाक मारली, "लक्ष्मीबाई, पेटी उघड." कागद पेटीत गेला, पेटीला कुलूप लागलं, आणि किल्ली त्यांनी करदोट्याला बांधली.

मन्मथ